सीतेची वेणी झाडावरच राहू द्या

महोदय,

पाऊस तोंडावर आला की घाटरस्त्याच्या कडेला ओरबाडून आणलेल्या आमरीच्या, म्हणजे ऑर्किडच्या, जुड्या विकायला बसतात. सहा वर्षांपूर्वी मीही फुलांसकट सीतेची वेणी ही रानातली आमरी दीडशे रुपयांना घेतली आणि अंगणात लाल मातीच्या कुंडीत लावली. श्रावण सरायच्या आत मुळं कुजली. आंब्याच्या फांदीला धरून हवेत मुळं सोडणारं ते झाड, मी त्याला मातीत पुरलं होतं. अजून मनाला लागतं.

नव्याने आमरीचा नाद लागलेल्यांना कळकळीची विनंती, रोपवाटिकेत वाढवलेली डेंड्रोबियम ही आमरी घ्या. माती अजिबात नको. भोकाभोकांची कुंडी, लोणारी कोळसा, विटांचे तुकडे, नारळाची सोडणं आणि सकाळचं कोवळं ऊन एवढं पुरतं. पाणी कधी घालायचं ते मुळंच सांगतात. कोरडी असली की रुपेरी पांढरी, भिजली की हिरवी. माझ्या पडवीत आता अशा अकरा कुंड्या आहेत.

रानातल्या आमरीचं तसं नाही. बोंडातून धुळीसारखं बी उडतं, पण त्यात अन्नाचा साठाच नसतो. नेमकी बुरशी भेटली तरच ते रुजतं, आणि पुढे फुलायला कित्येक वर्षं. एक जुडी ओरबाडली की त्या फांदीवरची पुढची पिढीही गेली. वनखात्याने मे-जूनमध्ये घाटातली ही विक्री थांबवावी. आपणही गाडी थांबवू नये.

– एक वाचक, चिपळूण