हँडल लटपटतं म्हणजे दरवेळी कोनसेटच गेला असं नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या वाहनांच्या पानावर एका वाचकाने विचारलं होतं की बाईक स्लो होताना हँडल डावी-उजवीकडे लटपटतं, काय करू, आणि त्याला एका ओळीत उत्तर मिळालं की हात सोडून बघा आणि कोनसेट (हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग) बदला. उत्तर चूकच आहे असं म्हणत नाही, कोनसेट गेलेला असूही शकतो, पण विचारणाऱ्याने लक्षण अर्धवट सांगितलं होतं आणि उत्तर देणाऱ्याने पुढे काही विचारलंच नाही. बऱ्याच गॅरेजमध्येही हेच चालतं, हँडल हलतंय म्हटलं की पाना थेट कोनसेटच्या वरच्या मोठ्या नटावर (मेकॅनिक मंडळींनी रागावू नये, सगळेच असं करत नाहीत). म्हणून हे लांबलचक पत्र, जागा असेल तेवढं छापा.

पहिला प्रश्न हा की ब्रेक दाबल्यावर हलतं की ब्रेकला हातही न लावता, नुसता अ‍ॅक्सिलरेटर सोडून गाडी आपोआप स्लो होताना हलतं? हे दोन वेगळे आजार आहेत आणि बहुतेक वेळा पैसे इथेच वाया जातात.

फक्त पुढचा ब्रेक दाबल्यावरच होत असेल, लिव्हर बोटांखाली धडधडत असेल आणि वेग उतरेल तशी ती धडधड सावकाश होत जात असेल तर डिस्ककडे बघा. सगळे म्हणतात डिस्क वाकली, पण सरकणारा कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) थोड्याफार वाकलेल्या डिस्कबरोबर सरकून घेतो, खरा त्रास डिस्कची जाडी सगळीकडे सारखी नसली की होतो, कुठे जास्त झिजलीय, कुठे पॅडचा थर बसलाय. डिस्क किती आऊट आहे, म्हणजे फिरताना किती डगमगते, ते डायल गेज या बारीक मोजमापाच्या काट्याने कळतं, होंडाच्या बऱ्याच गाड्यांच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये ०.३० मिलिमीटर ही शेवटची मर्यादा दिलेली असते, म्हणजे डोळ्याने बघून 'सरळ आहे' म्हणण्यात काही अर्थ नाही. ड्रम ब्रेक असेल तर ड्रम ओव्हल झालाय का ते बघायचं. जोरात ब्रेक मारल्यावर एबीएस लिव्हरला ठोके देतं तो मात्र बिघाड नाही.

आता दुसरा प्रकार, ब्रेक न लावता, साधारण ७० वरून ४० पर्यंत उतरताना मध्येच कुठेतरी हँडल थरथरायला लागतं आणि त्याखाली गेलं की आपोआप थांबतं. लोकांना वाटतं हे काहीतरी भुताटकीचं आहे, ८० ला गाडी मस्त चालते मग ५५ ला काय होतं? तर पुढचं चाक, शॉकअप आणि हँडल या सगळ्याचा मिळून हलण्याचा स्वतःचा एक ठेका असतो, बहुतेक गाड्यांत सेकंदाला ६ ते १० वेळा. आणि १७ इंची चाकाचा टायरसकट घेर धरा १.९ मीटरच्या आसपास, म्हणजे ताशी ६० ला चाक सेकंदाला जवळपास ९ फेऱ्या मारतं, ४० ला जवळपास ६. चाकात एका जागी काही दोष असला की प्रत्येक फेरीला एक धक्का बसतो आणि नेमका या वेगात तो धक्का हँडलच्या ठेक्याशी जुळतो, त्यामुळे एरवी जाणवलाही नसता असा दोष हँडल नाचवतो. वेग त्याच्या वर किंवा खाली गेला की जुळणी सुटते. त्यात अ‍ॅक्सिलरेटर सोडला की वजन पुढे येतं, आपले हातही सैल पडतात, म्हणून गाडी पळवताना तोच वेग पार झाला तर लक्षात येत नाही आणि उतरताना येतं.

म्हणजे धक्का देणारा आधी शोधायचा, आणि तो बहुतेक वेळा टायर असतो. हवा थंड टायरमध्ये मोजा, गाडीवरच्या स्टिकरवर लिहिलेली असते तेवढीच. मग पुढचं टायर उचलून धरा आणि नक्षीवरून तळहात आधी एका दिशेने फिरवा, मग उलट. एका बाजूने हात गुळगुळीत जातो आणि उलट फिरवला की प्रत्येक ठोकळ्याच्या कडेला अडकतो, असं जोरात जाणवलं तर टायर पायऱ्या-पायऱ्यांनी घासलंय. नक्षी खोल शिल्लक असते म्हणून माणूस म्हणतो टायर तर अजून अर्धं आहे, पण अशा टायरला हवा आणि बॅलन्सिंग काहीही केलं तरी तेवढ्यापुरतंच. गोटा झालेलं, म्हणजे नक्षी पार गेलेलं टायर निदान दिसतं तरी, हे दिसत नाही.

टायर नवीन असेल आणि बदलल्यापासूनच सुरू झालं असेल तर ते रिमवर नीट बसलंय का बघा. टायरच्या बाजूवर रिमच्या कडेलगत एक बारीक उठावदार रेघ गोल फिरलेली असते, रिमपासून तिचं अंतर सगळीकडे सारखं हवं, एका जागी रेघ आत गेलेली दिसली तर हवा काढून पुन्हा बसवून घ्या. बॅलन्सिंगसाठी चाक मोकळं फिरवून सोडा (पॅड घासत नसतील असं बघून), दरवेळी तोच भाग खाली येऊन थांबत असेल तर तिथे वजन जास्त आहे. रिमला चिकटवलेलं छोटं वजन कधी पडून गेलं हे मालकाला कळतही नाही, त्याचा फक्त चौकोनी डाग उरतो. रिम आऊट आहे का ते शॉकअपला एक पेन्सिल टेकवून चाक फिरवलं की दिसतं, होंडा-सुझुकीच्या पुष्कळ गाड्यांना २ मिलिमीटरपर्यंत चालतं. आऱ्यांचं चाक असेल तर आरे एकेक करून पान्याने वाजवा, सैल आरा बदबद वाजतो.

एवढं झाल्यावर कोनसेट. पुढचं चाक अधांतरी ठेवून शॉकअपचे खालचे टोक दोन्ही हातांनी धरून मागे-पुढे ओढा, टक-टक लागलं तर सैल आहे, बोट खालच्या रेसच्या (बेअरिंगच्या गोळ्या जिच्यात फिरतात त्या कडीच्या) सांध्यावर ठेवलं तर खेळ बोटालाच कळतो. मग दोन बोटांनी हँडल हळूच बाजूला ढकला, ते स्वतःहून शेवटपर्यंत अलगद पडायला हवं, मधोमध सरळ रेषेत आलं की खाचेत बसल्यासारखं अडकत असेल तर रेस खराब झालीय आणि ती घट्ट करून उपयोग नाही, बदलावीच लागते. सैल कोनसेट पुढचा ब्रेक दाबल्यावरही टक करतो, म्हणून वरच्या दोन्ही प्रकारांत त्याचं नाव येतं. पण खराब टायर तसंच ठेवून कोनसेट आवळला तर काय होतं, हँडल जड होतं, थरथर दबते, गिऱ्हाईक खुश होऊन जातं आणि थोड्या दिवसांनी गाडी सरळ रस्त्यावर वळवळायला लागते. गोळ्यांच्या कोनसेटऐवजी टेपर रोलर बेअरिंग टाकून वॉबल (हँडलची ही थरथर) गेला असं सांगणाऱ्यांचंही बऱ्याचदा हेच असतं, दोष तसाच राहतो, फक्त दाबला जातो.

कधी गाडी पडलेली असते आणि दोन्ही शॉकअप क्लॅम्पमध्ये (त्यांना धरून ठेवणाऱ्या पकडीत) किंचित पिळलेले राहतात, यात पार्ट बदलायचा नसतो. एक्सल आणि खालच्या क्लॅम्पचे बोल्ट सैल करून, शॉकअप वरखाली दाबून, मॅन्युअलच्या क्रमाने परत टाइट करायचे. आणि मागे टॉपबॉक्स असेल तर तो काढून त्याच रस्त्यावर एकदा जाऊन बघा, मागच्या एक्सलच्या पलीकडे वजन लटकलं की पुढचं चाक हलकं होतं, बऱ्याच जणांचा वॉबल तिथेच सापडतो.

एक विनंती मात्र कळकळीची आहे. त्या उत्तरात 'हात सोडून बघा' असंही लिहिलं होतं, ते कृपया दुरुस्त करून छापा. पकड सैल केली, तळवे हँडलवरच ठेवले तरी पुरेसं कळतं, हात पूर्ण सोडले आणि थरथर एकदम वाढली तर परत पकडायला वेळ मिळेलच असं नाही. तसं झालंच तर हँडल आवळून धरू नका, पुढचा ब्रेक खटकन मारू नका, गुडघ्यांनी टाकी दाबा, अंग थोडं पुढे घ्या आणि अ‍ॅक्सिलरेटर हळूहळू सोडा.

हे सगळं मी कमी वेगातल्या, हँडलच्या थरथरीबद्दल लिहिलंय. शंभरीच्या वर आख्खी गाडी मागून सापासारखी वळवळते तो प्रकार निराळा, त्याचा ठेकाही संथ असतो आणि तिथे मागचं टायर, स्विंगआर्मचे (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याचे) बुश, सामान कसं बांधलंय असं सगळं बघावं लागतं. त्यावर आपल्या पानावर कुणी जाणकाराने सविस्तर लिहिलं तर मलाही वाचायचंय.

आपला,
एक नियमित वाचक