हायडीची शेळी वाचा, पण दूध तापवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला जगभरच्या बालसाहित्यातल्या खाण्यापिण्याविषयीचा लेख आवडला. स्वित्झर्लंडच्या डोंगरात आजोबांकडे राहणाऱ्या पोरक्या मुलीची 'हायडी' ही गोष्ट नातीला वाचून दाखवतो, त्यामुळे तिच्या आजोबांनी विस्तवावर शेकलेलं चीज लगेच डोळ्यांपुढे आलं. शेवटचा परिच्छेद मात्र घशाखाली उतरला नाही. या गोष्टींतली मुलं धारोष्ण दुधावर धडधाकट होतात, मग आपणच पिशवीतल्या दुधाला का चिकटून बसलोय, असा त्याचा रोख होता. माझी सगळी नोकरी पशुधन पर्यवेक्षक म्हणून सिन्नर आणि इगतपुरीकडच्या गोठ्यांत गेली. गप्प बसवत नाही, म्हणून हे पत्र.

योहाना स्पीरी यांनी 'हायडी'चा पहिला भाग 1880 मध्ये लिहिला आणि दुसरा 1881 मध्ये. फ्रँकफर्टची पांगळी क्लारा डोंगरावर येते, श्वेन्ली शेळीचं दूध पिते आणि चालू लागते, ते दुसऱ्या भागात. क्षयाचा जंतू सापडल्याचं रॉबर्ट कॉख यांनी बर्लिनमध्ये जाहीर केलं 24 मार्च 1882 रोजी. त्याआधी लिहिणाऱ्या बाईंना कच्च्या दुधाबद्दल दोष कसा देणार? शेळीच्या दुधाचं कोडं तर त्याहून उशिरा सुटलं. माल्टा बेटावर इंग्रज शिपायांना महिनोन्‌महिने येणारा-जाणारा ताप शेळ्यांच्या कच्च्या दुधातून येतो, हे झामित नावाच्या तिथल्याच डॉक्टरांनी 1905 मध्ये दाखवलं. पुढच्या वर्षी शिपायांचं ते दूध बंद झालं आणि ताप झपाट्याने ओसरला. तिथे शेळ्या दारोदार फिरवून गिऱ्हाइकासमोर धार काढून देत. गिऱ्हाईक खूश, कारण पाणी घातलेलं नाही हे डोळ्यांना दिसतं. 'समोर काढलेलं दूध' म्हणून आपल्याकडे जो विश्वास टाकतात तो हाच. पाणी दिसतं, जंतू दिसत नाही.

'द सीक्रेट गार्डन'ची गोष्ट तर मला फारच विलक्षण वाटते. फ्रान्सिस बर्नेट यांचं हे पुस्तक 1911 चं. हिंदुस्थानातून आलेली किरकिरी, पिवळी पडलेली मेरी आणि पाठीला कुबड येणार या भीतीने अंथरुणाला खिळलेला कॉलिन. डिकन हा माळरानावर वाढलेला त्यांचा सोबती त्यांच्यासाठी गुलाबाच्या झुडपामागून दोन बादल्या काढतो. एकीत वर साय असलेलं ताजं दूध, दुसरीत मनुकांचे घरगुती बन. मुलं त्यावर ताव मारतात आणि बाळसं धरतात. आता त्या काळी मुलांना कुबड कशाने येई, तर बऱ्याचदा मणक्याच्या क्षयाने. आणि मुलांच्या हाडांत, मानेच्या गाठींत क्षय शिरायची एक मोठी वाट म्हणजे क्षयी गाईचं न तापवलेलं दूध. गाईचा क्षय माणसाला होतो की नाही यावर इंग्लंडमध्ये नेमलेल्या शाही आयोगाने दहा वर्षं काम केलं आणि 'होतो' असा अंतिम अहवाल दिला, तोही 1911 मध्येच. म्हणजे कॉलिनला ज्याची धास्ती होती, ते त्या बादलीतून येऊ शकत होतं!

आपल्या गोष्टींतही दूध भरपूर आहे. पिठाचं पाणी दूध समजून नाचणारा अश्वत्थामा आहे. आमच्या नाशिकच्याच तुरुंगात 1933 मध्ये साने गुरुजींनी लिहिलेल्या 'श्यामची आई'त मोरी गाईचं एक सबंध प्रकरण आहे. सोमवारची खुलभर दुधाची कहाणी तर श्रावणात घरोघर वाचतात. राजाच्या हुकमाने गावाने सगळं दूध महादेवाला ओतलं तरी गाभारा भरला नाही, आणि वासरांना-लेकरांना आधी पाजून म्हातारीने नेलेल्या खुलभर दुधाने भरला. यांपैकी एकही गोष्ट दूध कच्चं प्या असं सांगत नाही. मुलाच्या वाट्याला दूध आलं पाहिजे, एवढाच त्यांचा आग्रह. आणि मराठी स्वयंपाकघरात दूध घरात आलं की आधी चुलीवर चढतं. ही परंपरा लेखात कुठेच नाही. (पंचामृतात मात्र कच्चं दूधच हवं, यावर आमच्या घरी दर पूजेला वाद होतो. अजून मी जिंकलेलो नाही.)

माल्टाच्या तापाला आज ब्रुसेलोसिस म्हणतात. गोठ्यात तो वेगळ्या रूपात भेटतो. दिवस भरत आलेली गाय गाभडते म्हणजे तिचा गर्भ पडतो, वार म्हणजे जार आत अडकते, मालक दृष्ट लागली म्हणतो आणि वार उघड्या हाताने ओढतो. तीच गाय पुढे दूध देते, चांगली दिसते, आणि दुधातून जंतू जात राहतो. सिन्नरकडच्या एका शेळ्यांच्या घरातला पोरगा संध्याकाळी तापाने फणफणायचा, सकाळी घामाने भिजून उठायचा, कंबर धरून चालायचा. विषमज्वराची औषधं झाली, मलेरियाची झाली. रक्तात या तापाचा जंतू, ब्रुसेला, निघाला तेव्हा कुठे नीट उपचार सुरू झाले. पोराला सडाखाली तोंड धरून दूध प्यायची सवय होती, अगदी हायडीच्या मुलखातल्यासारखी.

हे आठवायचं कारण म्हणजे नाशकात डेंग्यूची साथ आली की शेळीच्या दुधासाठी लोक धावत सुटतात. प्लेटलेट वाढतात म्हणे, आणि तेही कच्चंच प्यायचं. वाढतात याला पुरावा नाही. आधीच तापाने गळालेल्या माणसाला त्यातून दुसरा ताप मात्र मिळू शकतो. गंगापूर रोडकडे हल्ली काचेच्या बाटलीतून 'शुद्ध, कच्चं, देशी' दूध दारात येतं, त्यालाही हेच लागू. गाय डांगी असो की गीर, जंतू जात पाहत नाही.

तापवल्याने दुधातला कस जातो, हे ऐकून मी कंटाळलोय. डेअरीत दूध 72 अंशांवर 15 सेकंद किंवा 63 अंशांवर अर्धा तास ठेवतात. घरी आपण उकळी आणतो, म्हणजे त्याहून जास्तच. प्रथिनं आणि कॅल्शियम त्यात शाबूत राहतात. थोडी जीवनसत्त्वं कमी होतात, पण 'क' जीवनसत्त्वासाठी दूध कोण पितं? त्याला पेरू आहे. क्लारा आणि कॉलिन बंद खोल्यांतून उन्हात आले, त्यांना सोबती मिळाले, कडकडून भूक लागू लागली. त्या पुस्तकांत हे सगळं पानोपान आहे, आणि लेखाने उचलला फक्त दुधाचा पेला.

पुस्तकं मुलांना जरूर द्या, एक ओळही गाळू नका. लेखिकेला विनंती एवढीच, की पुढच्या भागात एक चौकट टाका. कच्चं दूध विकणाऱ्याला वाचकांनी तीन गोष्टी विचाराव्यात: जनावरांची क्षयाची आणि ब्रुसेलाची तपासणी कधी झाली, कालवडींना चार ते आठ महिन्यांच्या असताना ब्रुसेलाची लस टोचली का, आणि गेल्या वर्षभरात गोठ्यात कुठली गाय गाभडली का. उत्तरं काहीही आली, तरी दूध तापवूनच घ्यावं.

आपला,
एक निवृत्त पशुधन पर्यवेक्षक,
इंदिरानगर, नाशिक