अण्णा, तुम्ही तो अर्ज बायकांना वाचून दाखवलात

अण्णा,

सादर नमस्कार.

विड्या वळणाऱ्या बायकांच्या मुलांसाठीच्या अभ्यासिकेच्या इमारतीसाठी फाउंडेशनचं मंजुरीपत्र आलं, तेव्हा पहिला फोन तुम्हालाच लावला होता. पण माझ्या तोंडून शब्द फुटेना. ‘बरं झालं, आता कामाकडे लक्ष द्या,’ एवढं म्हणून तुम्ही फोन ठेवलात. त्या दिवशी बोलायचं राहिलं ते आज लिहिते, आणि सगळ्यांदेखत लिहिते. तुमचं नाव घालत नाही, तुम्हाला ते खपणार नाही. सोलापूरच्या पूर्व भागातल्या लोकांना ते सांगावंही लागणार नाही.

आमची मुलं कुठे अभ्यास करतात ते तुम्ही पाहिलंय. एक खोली, त्यातच गॅस, पाण्याची पिंपं आणि भिंतीला टेकून मांडीवर सूप घेतलेली आई. पानं भिजवायची, साचा ठेवून कात्रीनं कापायची, चिमूटभर तंबाखू भरून वळायची, दोरा गुंडाळायचा, आणि हजार विड्या पुऱ्या करून विडी कंपनीच्या ब्रँचला पोचवायच्या. तंबाखूची धूळ घरभर. दहावीतली मुलगी त्याच धुळीत वही उघडून बसते, आणि आईचे हात भरून आले की वही मिटून सूप ओढून घेते. कितीतरी वर्षं आम्ही कधी देवळाच्या ओवरीत, कधी बंद पडलेल्या यंत्रमागाच्या शेडमध्ये मुलांना बसवत आलो. मालकाला जागा लागली की चंबूगबाळं उचलायचं. दोन खोल्या, संडास-बाथरूम आणि पुस्तकांना कपाटं, एवढंच हवं होतं.

एवढ्यासाठी काय काय ऐकून घ्यावं लागलं, तेही लिहायलाच हवं. 2013 च्या कंपनी कायद्याच्या कलम 135 नं मोठ्या कंपन्यांना मागच्या 3 वर्षांच्या सरासरी नफ्यातले 2 टक्के समाजकामावर (सीएसआर) खर्च करणं भाग पाडलं, तेव्हा वाटलं होतं, आता आपल्यासारख्यांचंही होईल. आम्ही ज्यांची दारं ठोठावली तिथे वह्या, दप्तरं, संगणक द्यायला सगळे तयार. विटा-सिमेंटचं नाव काढलं की चेहरे बदलायचे. वह्यावाटपाचा फोटो त्याच दिवशी निघतो, पाया खणल्याचा फोटो कोण छापतो? एका सल्लागारानं अर्ज लिहून देण्याआधीच मिळणाऱ्या रकमेतला टक्का मागितला. एका प्रतिष्ठिताला पैशाआधी कोनशिलेवरचा मजकूर पक्का करून हवा होता. आणि एका संस्थेचे लोक पाहणीला येणार म्हणून आमच्या बायकांनी शेड धुतली, रांगोळी घातली, काम टाकून दुपारभर वाट पाहिली. कुणी आलं नाही. येत नाही म्हणून फोनसुद्धा नाही. जिला नगावर मजुरी मिळते तिचा अर्धा दिवस बुडवणं म्हणजे तिच्या ताटातलं काढून घेणं आहे. त्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही, आणि जाऊही नये.

तुम्ही आलात ते कुणाच्या तरी तोंडून ऐकून. बँकेतून निवृत्त झालेला माणूस, आमची ओळख ना पाळख. फाइल मागितलीत आणि तिथेच बसून पहिल्या पानापासून वाचलीत. धर्मादाय कार्यालयाची नोंदणी, आयकर सवलतीचे 12अ आणि 80जी चे कागद, कंपन्यांचा निधी घेण्यासाठी लागणारी सीएसआर-1 नोंदणी, जागेचं बक्षीसपत्र, हिशेबतपासनिसांचे अहवाल, सगळं पाहून झाल्यावर म्हणालात, ‘कागद नीट आहेत. पण तिसऱ्या वर्षी लाइटबिल कोण भरणार, ते यात कुठे आहे?’ इतक्या लोकांनी अर्ज हाताळला, पण हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. तुम्हीच समजावून सांगितलंत की, पैसे देणारा बांधकामाला घाबरत नाही, नंतर लागणाऱ्या कुलपाला घाबरतो. आपल्याच शहरात बांधून कुलूप ठोकलेली समाजमंदिरं काय कमी आहेत? मग टाकी धुणं, रंगकाम, पावसाळ्यात गळती निघाली तर दुरुस्ती, झाडलोट करणारीचा पगार, हे सगळं तुम्ही आमच्याकडून मांडून घेतलंत.

पण अण्णा, माझ्या मनात घर करून राहिलीय ती त्या संध्याकाळची गोष्ट. अर्ज तयार होता, मुदत संपत आली होती. तुम्ही म्हणालात, ‘आज पाठवू नका. बायकांना बोलवा. त्यांच्या नावावर आपण काय मागतोय ते त्यांना कळू दे.’ चप्पल बाहेर काढून तुम्ही त्यांच्यात गोणपाटावर बसलात आणि पानापानानं सगळा अर्ज त्यांच्या तेलुगूत सांगितलात. आकड्यांसकट. इतके लाख पायाला, इतके वायरिंगला, इतके अडीअडचणीला बाजूला. या बायकांना आजवर लाखाचा आकडा समोर बसून कुणी सांगितला नव्हता. बऱ्याचजणी सूप घेऊनच आल्या होत्या, कात्र्या चालूच होत्या. कोपऱ्यातल्या आजींना ऐकू कमी येतं. सगळं वाचून संपल्यावर त्या म्हणाल्या, मला कळलं नाही, परत वाच. लेकाला सांगावं तसं, एकेरीत. तुम्ही घड्याळाकडे बघितलं नाही, ‘थोडक्यात सांगतो’ म्हणाला नाहीत. उठून त्यांच्या जवळ जाऊन बसलात आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा सुरुवात केलीत.

तेव्हा कुठे बाकीच्यांनी तोंड उघडलं. एकजण म्हणाली, वर पत्रा टाकू नका. उन्हाळ्यात पत्र्याखाली पोरं भाजून निघतील, स्लॅबच पाहिजे. दुसरी म्हणाली, खिडक्या समोरासमोर ठेवा, वारं आरपार गेलं पाहिजे. आणि लाइटबिलाचं उत्तर तिथेच ठरलं: मजुरी हातात आली की दर आठवड्याला थोडे थोडे बाजूला काढायचे आणि ते बचत गटानं सांभाळायचे. तुम्ही अर्जात ते त्यांच्याच शब्दांत लिहिलंत, आणि पत्र्याचं अंदाजपत्रक बाजूला सारून स्लॅबचं नवं करून घेतलंत.

पुढे फाउंडेशनच्या मॅडम पाहणीला आल्या आणि त्यांनीही नेमकं लाइटबिलाचंच विचारलं. आम्हा कार्यकर्त्यांना बोलावंच लागलं नाही. बायकांनी अर्ध्या मराठीत, अर्ध्या तेलुगूत सगळा हिशेब सांगितला, आणि सर्वांत मोठा आवाज आजींचा होता. त्या मॅडमचेही आभार. वेळेवर आल्या, चहा घेतला आणि पुढे काय होणार, किती दिवस लागतील ते स्पष्ट सांगून गेल्या.

आपल्या ग्रामदैवतानं, सिद्धरामेश्वरांनी, लोकांना हाताशी धरून तलाव बांधला, हे आपण सोलापूरकर लहानपणापासून ऐकत आलोय. गड्ड्याच्या यात्रेला दरवर्षी त्या तळ्याकाठी आपण लाखोंनी जमतो. मला वाटतं, ते काम कुठेतरी अजून चालू आहे, तुमच्यासारख्यांच्या हातून. आपल्याला येतं ते दुसऱ्याला देताना ज्यांच्या कपाळाला आठी पडत नाही, अशी माणसं या गावात आहेत. झेरॉक्सचे पैसे न घेणारा दुकानदार, चुकीच्या खिडकीवरून हाताला धरून बरोबर टेबलापर्यंत नेणारा शिपाई, हेही मला याच कामात भेटले. त्यांची नावं कुठल्याच अहवालात येत नाहीत, म्हणून इथे त्यांची आठवण काढते.

पाया खणून झालाय. फाउंडेशनच्या अटीप्रमाणे पहिल्या हप्त्याचा हिशेब द्यायचाय, तो आमच्या मुलींनीच लिहायला घेतलाय. एकदा नजरेखालून घाला.

आणि एक विचारायचंय. कुंभारीच्या बाजूच्या एका महिला मंडळाला पाळणाघराच्या इमारतीसाठी असाच अर्ज करायचाय. त्यांना मी तुमचा नंबर अजून दिलेला नाही. देऊ का, तेवढं कळवा.

तुमची,
अभ्यासिकेची ताई