मॉडेलची परीक्षा न पाहिलेल्या प्रयोगावर घ्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

हवेतून ऑक्सिजन वेगळा करणाऱ्या प्लांटवरचा आपल्या अंकातला लेख वाचला. संगणकातले मॉडेल प्रयोगाशी तंतोतंत जुळले, असे त्यात म्हटले आहे. अशा प्रेशर स्विंग (दाब वाढवून-घटवून वायू वेगळे करणाऱ्या) प्लांटचे आकडे तपासण्यात माझी नोकरी गेली, म्हणून विचारतो: कुठल्या प्रयोगाशी?

बहुतेक ठिकाणी झिओलाइट (नायट्रोजन धरून ठेवणारा सच्छिद्र पदार्थ) भरलेल्या कॉलममधून, म्हणजे नळीतून, हवा सोडतात, बाहेर नायट्रोजन कधी आणि किती वेगाने वाढतो याचा आलेख काढतात आणि तो बसेपर्यंत वस्तुमान-संक्रमणाचा गुणांक, म्हणजे वायू झिओलाइटच्या कणांत किती वेगाने शिरतो तो आकडा, फिरवतात. असे फिरवून काहीही बसते! त्यातून गणनेसाठी कॉलमचे तुकडे कमी पाडले असतील, तर आकडेमोडीतच आलेख पसरट होतो आणि ते पसरणे गुणांकाच्या खात्यावर जमा होते.

परीक्षा घ्यायची तर तोच गुणांक, हात न लावता, वेगळ्या दाबाला आणि वेगळ्या प्रवाहाला वापरून बघावा. शिवाय बेडमध्ये, म्हणजे झिओलाइटच्या थरात, दोन-तीन ठिकाणी थर्मोकपल (तापमान मोजणारे साधन) असायलाच हवेत. नायट्रोजन धरला जाताना उष्णता सुटते. बारीक कॉलममध्ये ती भिंतीतून निघून जाते, मोठ्या बेडमध्ये आतच कोंडते आणि तापलेला झिओलाइट कमी नायट्रोजन धरतो. तापमान स्थिर धरलेले मॉडेल लहान कॉलमवर पास होते आणि मोठ्या बेडवर आपटते.

आणखी एक कसोटी मला विशेष आवडते. हीलियमने भरलेल्या बेडमध्ये ऑक्सिजन-नायट्रोजनचे मिश्रण सोडले की ऑक्सिजन पुढे धावतो. मागून येणारा नायट्रोजन झिओलाइटवर बसलेल्या ऑक्सिजनला हुसकावतो आणि बाहेरचे ऑक्सिजनचे प्रमाण काही काळ आत सोडलेल्यापेक्षाही वर जाते. प्रत्येक वायूची स्वतंत्र मापे देऊन मॉडेलने या उंचवट्याची वेळ आणि उंची सांगितली, तर मी मान्य करीन.

लेखातल्या ९९ टक्के शुद्धतेबद्दल मात्र शंका आहे. हवेत ०.९३ टक्के आरगॉन असतो आणि नेहमीचे झिओलाइट त्याला ऑक्सिजनपासून जवळजवळ वेगळे करत नाहीत. सगळा नायट्रोजन काढला तरी ऑक्सिजन ९६ टक्क्यांच्या आतच राहतो. मॉडेलमध्ये हवा ७९:२१ अशी दोनच वायूंची धरली असावी.

लेखकांनी कुठली मापे गुणांक बसवायला वापरली आणि कुठली पडताळणीला, एवढे पुढच्या अंकात छापावे, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त केमिकल इंजिनिअर