आधी स्वयंपाकघरातली मांडणी बघ, मग सेट घे

चि. बाळ यास,
अनेक आशीर्वाद.

परवा तू कॅम्पिंगच्या भांड्यांच्या तयार सेटचा फोटो पाठवून "आई, घेऊ का?" असं विचारलंस. मी नुसतं "थांब" म्हटलं, म्हणून तुझा हिरमोड झाला असेल. त्या बारक्या बटणांवर माझी बोटं चालत नाहीत रे, म्हणून आता सविस्तर लिहिते.

त्या सेटमधल्या अकरा वस्तूंपैकी सात तू पिशवीतून बाहेरही काढणार नाहीस. एका माणसाला खायला काय लागतं? डबा, मग, चमचा, सुरी. ताट तर नकोच. उतारावर मांडीवर ताट घेऊन बसलं की पातळ पदार्थ एका कडेला गोळा होतो आणि तिथून थेट पँटवर. उभ्या काठाचा, झाकणाचा स्टीलचा डबा घे. डब्यात जेवायचं, झाकणात कोरडं काही काढून घ्यायचं, उरलं तर झाकण लावून टाकायचं.

मगचं मात्र नीट ऐक. अ‍ॅल्युमिनियम स्टीलच्या साधारण एक तृतीयांश वजनाचं, म्हणून कॉलेजात असताना मी तोच मग नेला होता. पण उष्णता ते स्टीलपेक्षा दहापटीहून जास्त सहज वाहून नेतं. पहिल्याच घोटाला ओठ भाजला, आणि मग कडेला ओठ टेकवता येईपर्यंत आतलं सगळं कोमट. तू स्टीलचाच घे. दुहेरी भिंतीचा मग हातात धरायला छान, पण तो जाळावर कधीही ठेवायचा नाही. दोन पत्र्यांमध्ये कोंडलेली हवा तापून फुगते आणि सांधा फुटू शकतो. पाणी त्यातच उकळायचं असेल तर एकपदरी मग हवा, आणि कानाला धरायला फडकं.

चमचा आणि काटा एकात असलेली ती वस्तू मला कधीच पटली नाही. पातळ पदार्थ दात्यांमधून गळतो आणि दाते आखूड म्हणून काही टोचलंही जात नाही. त्यात प्लास्टिकची असली तर थंडीत ठिसूळ होऊन कट्‌कन मोडते. घरातला लांब दांड्याचा चमचा ने, डब्याच्या तळापर्यंत बोटं न बरबटता पोचतो. दांड्याला लाल दोरा गुंडाळ, गवतात पडला तर सापडेल. सुरी लहानच, आणि पात्याला पुठ्ठ्याचं म्यान करून वर चिकटपट्टी.

हे सगळं गुंडाळायला तुझ्या जुन्या जीन्सचा पाय काप. तो आयता नळीसारखा असतो, एक तोंड शिवलं की पिशवी तयार. दुसरं तोंड चार बोटं जास्त ठेव, म्हणजे आत दुमडता येईल आणि चमचा निसटणार नाही. तो मग डब्यात बसतो का ते आधी बघ. कान आडवा आला तर झाकण लागत नाही, माझं तेच झालं होतं. मगच्या आत फडकं कोंबलं की खडखडाट थांबतो. ओली भांडी मात्र त्या पिशवीत घालू नकोस, जाड कापड लवकर वाळत नाही आणि कुबट वास धरतं.

भांडी ओढ्यात घासायची नाहीत. पाणी भरून निदान साठ मीटर लांब जा आणि तिथे धू. साबणावर निसर्गस्नेही लिहिलेलं असलं तरी तो मातीत नीट विघटन पावतो, वाहत्या पाण्यात नाही. त्याआधी डबा बोटाने चाटूनपुसून घेतलास तर साबण लागतोच किती!

शनिवारी येशील तेव्हा रात्री गच्चीवर दिवा न लावता, जमिनीवर बसून या सामानात जेवून बघ. ज्याला हात लागला नाही ते परत मांडणीवर. आणि हो, मागच्या रांगेतला उभट डबा नेऊ नकोस, त्याचं झाकण गळतं. त्याच्या शेजारचा ने.

तुझी,
आई