आडवी बाटली आणि एक इंग्रज जमीनदार

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दारूबंदीच्या मतदानाची बातमी आपल्या अंकात आली की मला हटकून सर विल्फ्रिड लॉसन आठवतात. उत्तर इंग्लंडमधल्या कम्बरलंडचे हे बॅरोनेट, म्हणजे पिढीजात ‘सर’ किताब असलेले, ब्रेटन हॉलचे जमीनदार. १८६४ मध्ये कार्लाइलचे खासदार असताना त्यांनी पार्लमेंटात विधेयक आणले: गावातल्या दोन तृतीयांश करदात्यांनी नको म्हटले, तर तिथे दारूविक्रीचा परवाना द्यायचा नाही.

कित्येक जमीनदार तेव्हाही आपल्या मालकीच्या गावात गुत्ता उघडू देत नसत. लॉसन यांच्या बाजूचे म्हणणे साधे होते. एकट्या मालकाला जे करता येते, ते तिथे राहणाऱ्यांना का करता येऊ नये? स्वतः जमीनदार असलेला माणूस हे मागतो, याचे मला फार मोल वाटते.

विधेयक सपशेल आपटले. १८६५ मध्ये खासदारकीही गेली. १८६८ मध्ये ते परत निवडून आले आणि पुन्हा तोच विषय लावून धरला. १८७० मध्ये त्यांनी हिंदुस्थान सरकारच्या अफूच्या महसुलाविरुद्धही ठराव मांडला. माळव्याची अफू तेव्हा आपल्या मुंबई बंदरातूनच चीनला जात असे. तोही ठराव पडला. अखेर १८८० मध्ये गावकऱ्यांच्या अधिकाराचा ठराव २६ मतांनी मंजूर झाला. पण कायदा काही झाला नाही. १९०६ मध्ये ते गेले. स्कॉटलंडला तसा कायदा १९१३ मध्ये मिळाला.

आमच्या गावात मतदान झाले तेव्हा शाळेच्या ओट्यापासून पार वेशीपर्यंत बायकांची रांग होती. मतपत्रिकेवर दोनच चित्रे, दुकान राहू द्यायचे तर उभी बाटली आणि बंद करायचे तर आडवी बाटली. आमच्या शेजारच्या काकूंना अक्षरओळख नाही, पण शिक्का मारून बाहेर आल्या तेव्हा बोटाची शाई पदराला लागू नये म्हणून हात वर धरून उभ्या होत्या. थोडक्यात हरलो. ऊसतोडीला गेलेल्या बायकांची नावे यादीत होती, त्या गावात नव्हत्या. आता पुन्हा कशाला, असे काहीजणी म्हणतात. त्यांना मी लॉसन यांची सोळा वर्षे सांगतो.

बाटली आडवी झालेल्या गावांची बातमी आपण छापता, त्याबद्दल आभार. जिथे ती उभीच राहिली, तिथल्या बायकांनी पुढे काय केले, हेही वर्षभराने जाऊन विचारावे, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक