फायबरचा दर आणि हाती येणारा वेग

महोदय,

एसटीएम-१ ही ऑप्टिकल फायबरवरून माहिती पाठवण्याची एक प्रमाणित वाहिनी. निविदांमध्ये आणि वर्गातही ‘एसटीएम-१ म्हणजे १५५ एमबीपीएस’ (सेकंदाला १५५ मेगाबिट) एवढेच सांगून पुढे जाणे योग्य नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. एसटीएम-१ च्या एका फ्रेममध्ये, म्हणजे माहितीच्या ठरावीक आकाराच्या चौकटीत, ९ ओळी व २७० स्तंभ, म्हणजे २,४३० बाइट असतात. अशा ८,००० फ्रेम दर सेकंदाला जातात आणि प्रत्येक बाइटचे ८ बिट धरले की १५५.५२ मेगाबिट हा दर मिळतो. परंतु २७० पैकी १० स्तंभ वाहिनीच्या देखरेखीसाठी राखीव असल्याने प्रत्यक्ष डेटासाठी १४९.७६ मेगाबिटच उरतात. तीच वाहिनी ई-१ या २.०४८ मेगाबिटच्या लहान प्रमाणित जोडण्यांनी भरली, तर ६३ जोडण्या मावतात आणि बेरीज १२९ मेगाबिटच्या आसपास थांबते. नुसता भागाकार करून ७५ जोडण्या धरणारा आराखडा प्रत्यक्षात उभाच राहू शकत नाही.

एसटीएम-१ च्या ६४ पट दराच्या एसटीएम-६४ वाहिनीलाही सर्रास ‘१० जी’ (१० गिगाबिट, म्हणजे १०,००० मेगाबिट) म्हणतात. त्याचा खरा दर ९,९५३.२८ मेगाबिट असल्यामुळे १० गिगाबिट इथरनेटचा (संगणक-जाळ्यातील जोडणीचा) पूर्ण प्रवाह त्यात बसत नाही.

घरगुती ग्राहकाची फसगत मात्र बिट आणि बाइटमध्ये होते. १०० एमबीपीएसच्या जोडणीवर सेकंदाला जास्तीत जास्त १२.५ मेगाबाइट उतरतात. हा आकडा जाहिरातीत व बिलावर छापणे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने बंधनकारक करावे, आणि सरकारी निविदांत एकूण दराशेजारी निव्वळ दरही लिहिला जावा, ही विनंती.

— दूरसंचार विषयाचा एक शिक्षक, सातारा